नकाशे तपासणीच्या नोंदी : विलेपार्ले येथील एक पुनर्विकास

प्रकल्प : विलेपार्ले (पूर्व) येथील एका सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या तळमजला अधिक तीन मजली इमारतीचा पुनर्विकास. संस्थेच्या वतीने नकाशे तपासणाऱ्या अभियंत्याने या नोंदी ठेवल्या आहेत. कोणत्याही सभासदाला पडताळता याव्यात म्हणून आकडेमोड शक्यतो पूर्ण लिहिली आहे.

१९ जून २०२३

जुन्या इमारतीचा मंजूर नकाशा संस्थेच्या कपाटातून मिळाला. घड्यांवर फाटला आहे, पण आकडे वाचता येतात. प्रमाण कोपऱ्यात ‘एक इंचास आठ फूट’ असे लिहिलेले आहे, म्हणजे कागदावरचा एक इंच जागेवर शहाण्णव इंच, थोडक्यात १:९६. मापनाची दशमान पद्धत १९५६ च्या कायद्याने आली असली तरी बांधकामाच्या नकाशांत फूट-इंच त्यानंतरही बरीच वर्षे टिकून राहिले. हा नकाशा त्याच काळातला आहे.

विकासकाच्या सर्वेक्षकाने याच नकाशाची स्कॅन केलेली प्रत संगणकावर घेऊन सध्याच्या कार्पेट एरियाचा तक्ता केला आहे, आणि तो करताना प्रमाण १:१०० धरले आहे. १:९६ आणि १:१०० हे आकडे इतके जवळचे आहेत की फरक सहज नजरेतून सुटतो. पुढच्या खोलीवर १२ फूट × १० फूट असे स्पष्ट लिहिलेले आहे, म्हणजे ३.६६ × ३.०५ मीटर आणि क्षेत्र ११.१५ चौरस मीटर. तक्त्यात मात्र तीच खोली ३.८१ × ३.१८ मीटर, क्षेत्र १२.१० चौरस मीटर अशी आली आहे. लांबीत सुमारे चार टक्क्यांची चूक झाली की क्षेत्रफळात ती साडेआठ टक्क्यांची होते, कारण ती दोन्ही बाजूंना लागते. खोलीत जाऊन टेप लावला तेव्हा ३.६३ × ३.०२ आले. लिहिलेल्या मापातून दोन्ही अंगांचा गिलावा वजा केला की हाच आकडा येतो, त्यामुळे नकाशावरचा आकडा खरा आहे याविषयी शंका उरली नाही.

तक्ता शेऱ्यासह परत पाठवला.

३ जुलै २०२३

दुरुस्त तक्ता आला. क्षेत्र कमी झाल्यामुळे काही सभासद नाराज आहेत, कारण नव्या सदनिकेचे क्षेत्र जुन्या कार्पेटवर ठराविक टक्के वाढ देऊन ठरणार आहे आणि आधीचा तक्ता त्यांच्या फायद्याचा होता. त्यांची नाराजी समजते. पण जो आकडा मंजूर नकाशावर टिकत नाही तो करारनाम्यात लिहून घेण्यात अर्थ नसतो. परवानगीच्या टप्प्यावर तो खाली आला की अख्खा करार पुन्हा उघडावा लागतो, आणि तोपर्यंत सभासद भाड्याच्या घरात गेलेले असतात.

२२ नोव्हेंबर २०२३

प्रस्तावित इमारतीचे नकाशे पीडीएफच्या रूपात सर्व सभासदांच्या व्हॉट्सॅप गटावर आले. संध्याकाळी तिसऱ्या मजल्यावरच्या काकू छापील कागद आणि फूटपट्टी घेऊन आल्या. “अहो, स्वयंपाकघर दीड मीटरसुद्धा भरत नाहीये. यात ओटा टाकायचा कुठे आणि उभं राहायचं कुठे?” त्यांचे मोजमाप अगदी बरोबर होते. कागदावर स्वयंपाकघर १५ मिलिमीटर लांब आणि १२ मिलिमीटर रुंद भरत होते आणि शीर्षकपट्टीत प्रमाण १:१०० लिहिलेले होते.

गोम कागदाच्या आकारात आहे. मूळ नकाशा ए-१ आकाराच्या, म्हणजे ५९४ × ८४१ मिलिमीटरच्या कागदासाठी काढलेला आहे आणि कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याने तो ए-३ वर, म्हणजे २९७ × ४२० वर बसवून दिला. प्रत्येक बाजू निम्मी झाली, म्हणून प्रत्यक्ष प्रमाण १:२०० झाले, पण छापलेले ‘१:१००’ हे अक्षर काही बदलले नाही. चौकटीतला लिखित आकडा ३००० × २४०० आहे, तो मिलिमीटरमध्ये आहे आणि तोच खरा आहे. ए-१ वरून ए-३ ला निदान बरोबर निम्मे होते. ए-२ वरून ए-३ केले तर प्रमाण १:१४१ होते आणि मग कोणत्याही पट्टीने काही जुळत नाही. मोबाइलच्या पडद्यावर तर प्रमाण ही गोष्टच उरत नाही.

वास्तुविशारदांना दोन गोष्टी कळवल्या. प्रत्येक नकाशावर रेखांकित मापपट्टी काढावी, कारण कागद लहान-मोठा झाला तरी पट्टीही त्याच बरोबर लहान-मोठी होते. दुसरे म्हणजे शीर्षकपट्टीत प्रमाणासोबत कागदाचा मूळ आकारही लिहावा.

झेरॉक्सचा आणखी एक तोटा आज दिसला. महापालिकेला सादर करायच्या नकाशात रंगांना अर्थ असतो. पाडायचे बांधकाम पिवळ्या रंगात आणि प्रस्तावित काम तांबड्यात दाखवतात. काळ्या-पांढऱ्या प्रतीत दोन्ही करडे दिसतात, आणि एका सभासदाला आपल्या नव्या बैठकीच्या खोलीतून जुना जिना गेलेला दिसत होता.

१४ डिसेंबर २०२३

सभासदांच्या बैठकीसाठी प्रातिनिधिक मजल्याचा नकाशा सविस्तर वाचला. बऱ्याच जणांना प्लॅन म्हणजे वरून दिसणारे घर वाटते. प्रत्यक्षात मजला जमिनीपासून साधारण १.२ मीटर उंचीवर आडवा कापून खाली पाहिले तर जे दिसेल ते प्लॅनमध्ये असते. म्हणून कापल्या गेलेल्या भिंती जाड रेषेत येतात, ओटा आणि खिडकीचा कट्टा बारीक रेषेत येतो, आणि कापाच्या वर राहणारे माळे, बीम, छज्जे तुटक रेषेत येतात. शयनगृहाच्या दारावर दिसणारी तुटक रेषा ‘पुसून टाका’ अशी सूचना बैठकीत आली. तो माळा आहे हे सांगितल्यावर तो मोठा करण्याची मागणी झाली.

कार्पेट एरियाचा प्रश्न अपेक्षेप्रमाणे सर्वांत लांबला. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्यानुसार सदनिकेचे निव्वळ वापरायोग्य क्षेत्र धरताना बाहेरच्या भिंती, सर्व्हिस शाफ्ट (पाइपांचा उभा मार्ग), स्वतंत्र बाल्कनी आणि खुली गच्ची यांखालचे क्षेत्र वगळायचे असते, पण सदनिकेच्या आतल्या पार्टिशन भिंतींखालचे क्षेत्र मोजायचे असते. त्यामुळे खोल्यांचे लांबी-रुंदीचे गुणाकार करून बेरीज केली तर ती करारातल्या आकड्यापेक्षा कमीच येणार. ती फसवणूक नाही.

मात्र कॉलमकडे कोणी पाहिले नव्हते, आणि मला स्वतःला हा नकाशातला सर्वांत महत्त्वाचा भाग वाटतो. बाहेरची भिंत १५० मिलिमीटरची आहे आणि कॉलम ३०० × ७५० चे आहेत. कॉलमची बाहेरची कड भिंतीच्या बाहेरच्या कडेशी जुळवलेली असल्यामुळे १५० मिलिमीटरचा भाग खोलीत येतो. क्षेत्रफळात हा भाग ०.११ चौरस मीटर, म्हणजे जेमतेम सव्वा चौरस फूट आहे, पण जिथे १८०० मिलिमीटरचे कपाट बसवायचे आहे त्याच कोपऱ्यात तो आहे. हे वास्तुविशारदांच्या नकाशाचे झाले. संरचना सल्लागारांच्या कॉलमच्या तक्त्यात खालच्या चार मजल्यांना हाच कॉलम ३०० × ९०० आहे. प्रातिनिधिक नकाशा ‘दुसरा ते अकरावा मजला’ असा एकच काढला आहे आणि त्यात ७५० दाखवले आहे. म्हणजे दुसऱ्या ते चौथ्या मजल्यावरच्या सभासदांना नकाशात दिसते त्यापेक्षा कॉलम १५० मिलिमीटर लांब मिळणार आहे. दोन्ही नकाशे आपापल्या जागी बिनचूक आहेत, पण ते शेजारी ठेवून वाचले नाहीत तर ही गोष्ट कळत नाही. खालच्या मजल्यांसाठी वेगळा नकाशा मागितला आहे.

कॉलम वर जाताना लहान होतो तेव्हा त्याची कोणती कड जागेवर राहते हेही विचारले आहे. ग्रिडच्या, म्हणजे कॉलमच्या जागा ठरवणाऱ्या आखणीच्या, रेषेपासून कॉलमच्या मध्यापर्यंतचे माप दिले तर प्रत्येक मजल्यावर दोन्ही कडा सरकतात. ग्रिडपासून कडेपर्यंतचे माप दिले तर एक कड ओळंब्यात राहते आणि बाहेरची भिंत सरळ जाते. कडेपर्यंतचीच मापे हवीत.

बैठकीच्या शेवटी पूर्वाभिमुख दाराची चर्चा झाली. चर्चा करणाऱ्यांनी कागदाची वरची बाजू म्हणजे उत्तर असे गृहीत धरले होते. या नकाशात उत्तरेचा बाण उजवीकडे आहे. आहे त्याच दाराची दिशा नव्याने कळल्यावर दोन सदनिकांच्या मागण्या आपोआप मागे घेतल्या गेल्या.

८ फेब्रुवारी २०२४

आजचा पूर्ण दिवस पातळ्यांचा.

मुंबईत महापालिकेच्या नकाशांवरच्या पातळ्या टाउन हॉल डेटम या ठरावीक शून्य पातळीवरून मोजतात. फोर्टातला टाउन हॉल म्हणजे १८३३ साली पूर्ण झालेली, एशियाटिक सोसायटीची म्हणून ओळखली जाणारी इमारत. या मोजणीचा शून्य समुद्रपातळीच्या पुष्कळ खाली असल्यामुळे शहराची सखल जमीनसुद्धा नकाशावर २८-२९ मीटर अशी दिसते. नवख्या माणसाला पार्ले टेकडीवर वसले आहे असे वाटावे. भराव किमान २७.५५ मीटर किंवा लगतच्या रस्त्यापेक्षा १५० मिलिमीटर वर, यांपैकी जे जास्त असेल तितका करावा, ही परवानग्यांत नेहमी आढळणारी अट आहे. आपल्या रस्त्याचा मध्य २८.०५ आहे, म्हणून भराव २८.२० पर्यंत हवा. त्यावर तीन पायऱ्या चढून प्रवेशदालनाची तयार फरशी २८.६५ वर येते.

वास्तुविशारदांनी या तयार फरशीला ±०.०० म्हटले आहे. संरचना सल्लागारांच्या पायाच्या नकाशात ±०.०० आहे तो रस्त्याचा मध्य. दोन्ही शून्यांत ६०० मिलिमीटरचा फरक आहे. दोन्ही नकाशे साइटवर एकाच वेळी भिंतीला लागले असते आणि मुकादमाने एकाचा शून्य धरून दुसऱ्याचा खोलीचा आकडा मोजला असता, तर पाया सहाशे मिलिमीटर वर किंवा खाली गेला असता. यापुढे प्रत्येक नकाशावर ±०.०० च्या शेजारी कंसात टाउन हॉल डेटमची पातळी लिहिली जाईल असे दोघांनीही मान्य केले.

तिसरा डेटम विमानतळाचा आहे. पार्ल्यात विमानतळ प्राधिकरणाच्या ना-हरकत पत्राशिवाय उंची ठरत नाही, आणि त्या पत्रातली कमाल उंची सरासरी समुद्रसपाटीपासून दिलेली असते. ती इमारतीच्या सर्वांत वरच्या बिंदूला लागू होते, म्हणजे पाण्याची टाकी, लिफ्टची खोली आणि वर लावलेला अँटेनासुद्धा त्यात मोजायचा. महापालिकेच्या छेद-नकाशातला (इमारत उभी कापून दाखवणाऱ्या नकाशातला) गच्चीचा आकडा आणि या पत्रातला आकडा सरळ एकमेकांसमोर ठेवता येत नाहीत. मान्यताप्राप्त सर्वेक्षकाकडून भूखंडाच्या कोपऱ्यांच्या पातळ्या दोन्ही मोजणींत घेऊन मगच तुलना करावी, असे लेखी कळवले.

रस्त्याची पातळी कोणती धरायची हा प्रश्न किरकोळ नाही. रस्त्याचे काँक्रिटीकरण झाले की तो वर येतो, आणि आजची १५० मिलिमीटरची सवलत उद्या खर्ची पडते. २६ जुलै २००५ च्या पावसात शेजारच्या सांताक्रूझ वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला होता, आणि आपल्या गल्लीतल्या जुन्या रहिवाशांना पाणी कुठवर आले होते ते अजून बोटाने दाखवता येते. लिफ्टच्या खड्ड्याचा आणि मीटर-खोलीचा तळ ठरवताना मी नियमातल्या किमान आकड्यावर थांबायला तयार नाही. मीटर-खोली प्रवेशदालनाच्या पातळीवर घेण्याची मागणी नोंदवली आहे.

११ मार्च २०२४

नकाशांची नोंदवही सुरू केली : क्रमांक, आवृत्ती, मिळाल्याची तारीख, कोणाला दिला. ‘बांधकामासाठी’ असा शिक्का नसलेला नकाशा साइटवर जाणार नाही.

१७ जानेवारी २०२५

लाइनआउट, म्हणजे जागेवर ग्रिडच्या रेषांची आखणी, झाले. बाहेरच्या ग्रिडचा आयत १८.०० × २४.०० मीटर आहे, त्यामुळे कर्ण ३०.०० मीटर यायला हवा. तीन-चार-पाचचा त्रिकोण सहापटीने मोठा केला की हेच मिळते. एक कर्ण ३०.००४ आणि दुसरा २९.९९७ आला. ग्रिडच्या अक्षरांत ‘आय’ आणि ‘ओ’ नाहीत, कारण ती एक आणि शून्य या आकड्यांशी गोंधळतात. मुकादमाला एक रेषा राहून गेली असे वाटत होते, त्याला हे दाखवले.

२६ मार्च २०२५

जिन्याचा नकाशा. मजल्याची उंची २९०० आहे आणि छेदात अठरा पायऱ्या लिहिल्या आहेत, म्हणजे प्रत्येक पायरीची उंची १६१ मिलिमीटर. दोन टप्प्यांत नऊ-नऊ पायऱ्या चढायच्या असतील तर प्लॅनमध्ये प्रत्येक टप्प्याला पाय ठेवायच्या आठच आडव्या जागा दिसायला हव्यात, कारण नववी चढण लँडिंगवर पोहोचते. प्लॅनमध्ये नऊ काढल्या आहेत. २५० मिलिमीटरची अशी एक जादा जागा म्हणजे लँडिंग तेवढेच अरुंद होणार आणि तिथे स्ट्रेचर वळवणे अवघड होणार. कोणता नकाशा खरा हे मी ठरवायचे नाही. लेखी विचारले आणि उत्तर येईपर्यंत जिन्याचे सेंट्रिंग (काँक्रीटचा साचा) थांबवले. दुसऱ्या दिवशी छेद बरोबर असल्याचे उत्तर आले.

९ एप्रिल २०२५

पहिल्या मजल्याच्या कॉलमच्या सळया बांधून झाल्यावर तपासणी. फिटर सळईला सुतांत ओळखतो : आठ मिलिमीटर म्हणजे अडीच सूत, बारा म्हणजे चार, सोळा म्हणजे पाच, वीस म्हणजे सहा, पंचवीस म्हणजे आठ. हिशेब इंचाच्या आठव्या भागाचा आहे आणि त्याचा हात त्यावर बसलेला आहे. तो बदलायला सांगण्यात वेळ घालवण्यापेक्षा कॉलमच्या तक्त्याशेजारी सुतांचा रकाना लिहून लावला.

अडचण रिंगांच्या, म्हणजे उभ्या सळयांभोवतीच्या कड्यांच्या, अंतराची होती. तक्त्यात ‘८ मिमी @ ७५ / १५०’ असे आहे. फिटरने सगळ्या रिंगा दीडशेवर बांधल्या होत्या. “साहेब, दोन आकडे दिलेत, मोठा धरला. दरवेळी असंच करतो.” तिरक्या रेषेचा अर्थ तक्त्यात नाही, तो सामान्य तपशिलांच्या वेगळ्या नकाशात आहे, आणि तो नकाशा कार्यालयात गुंडाळून ठेवलेला होता. मुंबई भूकंपाच्या तिसऱ्या क्षेत्रात येते. आयएस १३९२० या भारतीय मानकाप्रमाणे कॉलमच्या दोन्ही टोकांना रिंगा जवळ हव्यात. त्यांचे अंतर कॉलमच्या लहान बाजूच्या पावपटीपेक्षा, सर्वांत बारीक उभ्या सळईच्या व्यासाच्या सहापटीपेक्षा आणि १०० मिलिमीटरपेक्षा जास्त चालत नाही. आपली लहान बाजू ३०० आहे, म्हणून ७५.

हे ७५ कुठपर्यंत, याचे उत्तर कॉलमची मोठी बाजू, मोकळ्या उंचीचा सहावा भाग आणि ४५० यांतले सर्वांत मोठे माप असे आहे. मोकळी उंची २३०० आणि मोठी बाजू ९००, म्हणून वर ९०० आणि खाली ९००. दीडशेचे अंतर मधल्या फक्त ५०० मिलिमीटरला लागू होते. संपूर्ण उंचीवर दीडशे धरले तर रिंगांमधले सोळा गाळे पडतात, नकाशाप्रमाणे बांधले तर अठ्ठावीस. रिंगेचे टोक १३५ अंशांत आत वळवून पुढे किमान ६५ मिलिमीटर सोडायचे आहे. काही रिंगा काटकोनातच वळवलेल्या आढळल्या. सर्व कॉलम सोडवून पुन्हा बांधायला सांगितले. तपशिलांचा नकाशा आता कॉलमच्या तक्त्याशेजारी लावला आहे आणि एका कॉलमचे उभे चित्र १:२० प्रमाणात, रिंग आणि रिंग मोजता येईल असे, फिटरच्या बाकड्यावर चिकटवले आहे.

२१ एप्रिल २०२५

दुसऱ्या मजल्याच्या स्लॅबपूर्वी न्हाणीघरांचे सन्क (पाइपांसाठी स्लॅब जितका खाली घेतात ती खोली) मोजून पाहिले. संरचना नकाशात सन्क २०० आहे. त्यावर खोलीच्या फरशीचे ७५ मिळवून न्हाणीघराची फरशी २० खाली धरली, तर सन्कच्या तळापासून तयार फरशीपर्यंत २५५ मिलिमीटर जागा मिळते. प्लंबिंगच्या १:५० च्या नकाशात शौचकूपाचा ११० मिलिमीटरचा पाइप शाफ्टपर्यंत ३.२ मीटर जातो आणि उतार चाळीसात एक आहे, म्हणजे ८० मिलिमीटर. वॉटरप्रूफिंगचा थर ४०, पाइप ११०, उतार ८०, वरचा थर आणि टाइल ५०. बेरीज २८० होते आणि जागा २५५ आहे. कोणत्याही एका नकाशात ही बेरीज लिहिलेली नाही.

अशा वेळी साइटवर जे होते ते ठाऊक आहे. प्लंबर उतार कमी करतो, किंवा नहाणी ट्रॅप बसवताना वॉटरप्रूफिंगचा थर छिलतो, आणि मग खालच्या सभासदाच्या छतावर पिवळा डाग उमटून दोन शेजाऱ्यांचा पत्रव्यवहार वर्षानुवर्षे चालतो. सन्क २५० करण्याची विनंती केली. तसे केले तर १२५ मिलिमीटरच्या स्लॅबचा तळ ३७५ वर जातो. आतले बीम ३८० खोल आहेत, त्यामुळे तो बीमखाली डोकावत नाही. खालच्या न्हाणीघराची उंची २४७० राहते.

२४ एप्रिल २०२५

संरचना सल्लागारांकडून सन्क २५० ची आवृत्ती आर-४ मिळाली. सन्कच्या कडेच्या सळया आता खालच्या पातळीवर वाकवून नेल्या आहेत आणि बदल दाखवण्यासाठी त्या भागाभोवती ढगाच्या आकाराची रेषा काढलेली आहे. त्याच नकाशात शाफ्टजवळच्या एका बीमची रुंदी २०० वरून २३० झाली आहे, तिच्याभोवती मात्र ढग नाही. ती दुरुस्ती हेतुपुरस्सर आहे का असे विचारले, आणि तसे असल्याचे दुपारी फोनवर सांगितले गेले. लेखी उत्तर आल्यावर आर-३ च्या सर्व प्रती परत घेऊन रद्द केल्या आणि सुताराला आर-४ देऊन बीमचे तळ बांधायला परवानगी दिली. वास्तुविशारदांच्या नकाशात शाफ्टची आतली रुंदी ३० मिलिमीटरने कमी व्हायची बाकी आहे, तोपर्यंत शाफ्टच्या भिंतीचे ब्लॉककाम घ्यायचे नाही.